वैद्यकीय निष्काळजीपणाचा दावा कसा लढावा: नव्या वकिलांसाठी

वैद्यकीय निष्काळजीपणाचं प्रकरण घेऊन येणारे नातेवाईक बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद आणि एक वाक्य घेऊन येतात: "साहेब, डॉक्टरांनी आमचा माणूस मारला." दावा उभा राहतो तो त्या पिशवीतल्या कागदांवर. म्हणून या कामात शिरू पाहणाऱ्या नव्या वकिलाला मी सगळ्यात आधी सांगतो, की केसपेपर वाचायला शिका. कायद्याची कलमं थोडी आहेत, ती पंधरवड्यात अंगवळणी पडतात. सिस्टरनं मध्यरात्री घाईत लिहिलेली नाडीची नोंद वाचून तिचा अर्थ लावायला मात्र वेळ लागतो, आणि निकाल पुष्कळदा तिथेच लपलेला असतो.

पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या ग्राहक आयोगांपुढे रुग्णाच्या बाजूनं काम करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. डॉक्टरांच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांनाही त्यातलं बरंच उपयोगी पडेल, कारण कागद दोन्ही बाजूंना तेच असतात.

पहिली भेट

नातेवाईकांना आधी पूर्ण बोलू द्या. ते शेवटापासून सुरू करतात, कारण शेवटच त्यांच्या डोळ्यांपुढे असतो. तुम्ही हळूहळू त्यांना पहिल्या दिवसावर न्या: त्रास कधी सुरू झाला, आधी कोणत्या दवाखान्यात दाखवलं, दाखल कधी केलं, रात्री जवळ कोण होतं, सिस्टरला कितीदा बोलावलं, डॉक्टर किती वाजता आले. जो माणूस रुग्णाजवळ बसला होता त्याच्याशी वेगळं बोला. घरातला सगळ्यात जास्त बोलणारा माणूस बऱ्याचदा त्या रात्री तिथे नसतोच.

आधीचे आजार विचारा. मधुमेह, रक्तदाब, दारू, आधीची ऑपरेशनं, बंद केलेल्या गोळ्या. अशील हे लपवतात. तुम्ही केस सोडून द्याल अशी त्यांना भीती वाटते. त्यांना समजावून सांगा, की ही माहिती रुग्णालयाच्या कागदात आहेच आणि समोरचा वकील ती पहिल्याच दिवशी काढणार आहे.

मोबाइल तपासा. कोणत्या वेळी कोणाला फोन केला, रुग्णालयातून काय मेसेज आला, कोणी फोटो काढला होता का. यातलं काहीही पुसू नका, असं बजावा. मृत्यू नुकताच झाला असेल आणि अंत्यसंस्कार व्हायचे असतील, तर शवविच्छेदनाची गोष्ट त्याच क्षणी काढावी लागते. शोकात बुडालेल्या घराला हे सांगणं जड जातं. तरी सांगा. मृत्यूचं कारणच नक्की नसेल तर पुढे ते पुराव्यानं ठरवणं फार अवघड होतं, आणि "शवविच्छेदन का केलं नाही?" हा प्रश्न समोरून येतोच.

आणखी एक गोष्ट पहिल्याच भेटीत ठामपणे सांगायची: रुग्णालयात जाऊन आरडाओरडा, तोडफोड, धक्काबुक्की करायची नाही. महाराष्ट्रात २०१० पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. ज्याच्या घरचा माणूस गेला तोच आरोपी होऊन बसतो, आणि खऱ्या चुकीकडे मग कोणी बघत नाही. जिवाच्या भीतीनं काम करणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूनं बघितलं तरी हे चूकच आहे.

फीबद्दलही तेव्हाच बोला. "जिंकलो तर इतके टक्के" असा करार आपल्याकडे करता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांनी त्याला मनाई आहे. रुग्णालयाच्या दाराशी माणसं ठेवून केस मिळवणं हाही नियमभंगच. फी ठरवा, तज्ज्ञाच्या मतासाठी किती खर्च येऊ शकतो ते वेगळं सांगा, आणि लेखी द्या. भरपाईचा आकडा मात्र त्या दिवशी उच्चारू नका.

कागद मिळवणं

डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. ते घटना घडून गेल्यावर लिहिलेलं असतं. तुम्हाला हवेत ते इनडोअर पेपर: दाखल करतानाची नोंद, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, सिस्टरच्या नोंदी, ताप-नाडी-श्वासाचा तक्ता, औषधं दिल्याचा तक्ता, सलाईन किती गेलं आणि लघवी किती झाली याची नोंद, संमतीपत्रं, भूलतज्ज्ञाचा कागद, ऑपरेशनची नोंद, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, बाळंतपण असेल तर पार्टोग्राम (कळा आणि बाळंतपण कसं पुढे सरकलं याचा तक्ता) आणि बाळाच्या ठोक्यांची पट्टी. एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फक्त रिपोर्टवर थांबू नका, मूळ प्रतिमांची सीडी मागा. गाठ तपासायला पाठवली असेल तर तिच्या काचपट्ट्या आणि ब्लॉक जपून ठेवावेत, असं पत्रच द्या.

कायदा इथे तुमच्या बाजूनं आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात, की रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीनं मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यायचे, आणि दाखल रुग्णांचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे. त्याआधी १९९६ मध्येच मुंबई उच्च न्यायालयानं रघुनाथ रहेजा प्रकरणात स्पष्ट केलं होतं, की गोपनीयतेचं कारण पुढे करून रुग्णाला त्याचेच कागद नाकारता येत नाहीत. अर्ज लेखी करा, हवे असलेले कागद नावानिशी लिहा आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टानं आणि ईमेलनं पाठवा. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही जोडीला टाका.

हा अर्ज वकिलाच्या नोटिशीच्या आधी, रुग्णाच्या घरच्यांच्या सहीनं, साध्या भाषेत गेलेला बरा. नोटीस पोहोचली की सगळे सावध होतात. घटनेनंतर आठवड्यात मिळालेले कागद आणि सहा महिन्यांनी मिळालेले कागद यांत फरक दिसू शकतो, आणि पहिला संच तुमच्या हातात असेल तरच तो फरक दाखवता येतो.

आलेल्या गठ्ठ्यावर लगेच पानांचे क्रमांक टाकलेली एक प्रत करा. मूळ कागदावर पेन टेकवायचा नाही.

घड्याळ लावून वाचणं

आता खरं काम सुरू होतं. मोठा कागद घ्या किंवा संगणकावर तक्ता उघडा. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात काय घडलं, तिसऱ्यात ते कोणी लिहिलं, चौथ्यात पान क्रमांक. गठ्ठ्यातली प्रत्येक नोंद, मग ती कुठल्याही पानावर असो, वेळेच्या क्रमानं या तक्त्यात बसवा. रुग्णालयाची फाइल विभागवार लावलेली असते, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी एकीकडे, सिस्टरच्या दुसरीकडे, रक्ताचे रिपोर्ट तिसरीकडे. त्या एका रांगेत आल्या की जे एरवी दिसत नाही ते दिसायला लागतं.

समजा, एका बाईचं बाळंतपण रात्री १०.१० ला झालं आणि पहाटे ती गेली. डॉक्टरांची नोंद म्हणते: रात्री १२.३०, अचानक रक्तस्राव, बीपी ८०/५०. नुसती हीच नोंद वाचली तर वाटतं, नशीब वाईट. सिस्टरचा तक्ता बाजूला ठेवा. १०.३० ला नाडी ९२, बीपी ११०/७०. ११.१५ ला नाडी ११६, बीपी १०६/७०, आणि शेरा: पॅड पूर्ण भिजलं, बदललं. १२ वाजता नाडी १३२, बीपी ९०/६०. तरुण बाईचं शरीर रक्त जात असतानाही बीपी बराच वेळ टिकवून धरतं, नाडी मात्र आधी चढते. म्हणजे सव्वाअकराला शरीर सांगत होतं, आणि "अचानक" हा शब्द तक्त्याशी जुळत नाही. इथून पुढे प्रश्न आपोआप सुचतात: सव्वाअकराची नोंद डॉक्टरांना कळवली का, ते रुग्णालयात होते की घरी, रक्त किती वाजता मागवलं, पोहोचलं कधी, मोठ्या रुग्णालयात हलवायचं कधी ठरलं.

यासाठी रुग्णालयाच्या बाहेरची घड्याळं शोधा. रक्तपेढीच्या मागणी चिठ्ठीवर आणि रक्त दिल्याच्या नोंदीवर वेळ असते. मेडिकलच्या बिलावर मिनिटापर्यंत वेळ छापलेली असते, म्हणून एखादं तातडीचं इंजेक्शन रात्री एकला दिलं असं लिहिलं असेल आणि ते विकत घेतल्याचं बिल पावणेदोनचं असेल, तर ते तुमच्या हाताला लागतं. (वॉर्डातल्या साठ्यातून आधी दिलं आणि नंतर भरून घेतलं, असं उत्तर येऊ शकतं, तेही डोक्यात ठेवा.) प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर नमुना घेतल्याची वेळ असते. १०८ ला केलेला फोन, नातेवाईकांच्या मोबाइलचे कॉल, दुसऱ्या रुग्णालयातला दाखल करतानाचा कागद. हा शेवटचा कागद फार मोलाचा. रुग्ण कोणत्या अवस्थेत पोहोचला हे तिथल्या त्रयस्थ डॉक्टरनं लिहिलेलं असतं.

पाच-दहा मिनिटांच्या फरकावर मात्र इमारत उभी करू नका. प्रत्येक खात्याचं घड्याळ वेगळं चालतं, आणि रुग्णाला वाचवायच्या धांदलीत नोंद मागाहूनच होते. त्यात गैर काही नाही. खाडाखोड, रात्रभराच्या सगळ्या नोंदी एकाच शाईत एकाच दमात लिहिल्यासारख्या दिसणं, दोन प्रतींमध्ये फरक, असं ठोस काही असेल तरच कागद बदलल्याचा आरोप करा, आणि मूळ फाइल आयोगापुढे हजर करण्याची मागणी करा. उगाच केलेला हा आरोप तुमच्या बाकीच्या खऱ्या मुद्द्यांचं वजन घालवतो.

संक्षेप शिकून घ्या. एनबीएम म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही, स्टॅट म्हणजे ताबडतोब, एसओएस म्हणजे गरज पडली तर, एलएससीएस म्हणजे सिझेरियन, डामा म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलं. या शेवटच्यावर नातेवाईकाची सही असेल तर ती कोणत्या परिस्थितीत घेतली, कोणत्या भाषेतल्या कागदावर घेतली, हे लगेच विचारून घ्या. तुमच्या ओळखीचा एखादा निवासी डॉक्टर किंवा अनुभवी सिस्टर असेल तर संध्याकाळी दोन तास बसून त्यांच्याकडून असे तक्ते वाचायला शिका. सिस्टर लोक नोंदींमधल्या रिकाम्या जागा झटकन ओळखतात. तक्ता दर तासाला भरायचा असताना मधले तीन तास कोरे असतील, तर ते कोरेपणही तुमच्या तक्त्यात लिहा.

निष्काळजीपणा आहे की वाईट नशीब

तक्ता तयार झाला की स्वतःला विचारायचं: यात चूक आहे का, आणि त्या चुकीमुळेच नुकसान झालं का? दोन प्रश्न वेगळे आहेत. चूक झाली, पण ती झाली नसती तरी रुग्ण वाचला नसता, असं निघालं तर दावा लंगडतो. नवे वकील पहिल्या प्रश्नावर सगळी ताकद घालवतात आणि दुसरा तसाच सोडतात.

कायद्याचा मापदंड १९५७ च्या इंग्लंडमधल्या बोलॅम खटल्यातून आला आणि सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात तो पक्का केला. त्या विषयातल्या साधारण कुशल डॉक्टरनं त्या परिस्थितीत जी काळजी घेतली असती ती घेतली का, एवढंच बघायचं. सर्वोत्तम डॉक्टरशी तुलना नाही. दोन मान्य उपचारपद्धतींपैकी एक निवडली आणि ती फसली, तर तो निष्काळजीपणा ठरत नाही. उपचाराच्या वेळी उपलब्ध असलेलं ज्ञान धरायचं, आजचं नाही.

या विषयातले दोन पायाभूत निकाल आपल्याच मातीतले आहेत, ते मुळातून वाचा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर १९५३ साली एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्यात आणलं, पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवलं आणि तो दगावला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावानं तो दावा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १९६८ च्या निकालात कोर्टानं डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. भरपाई होती ३,००० रुपये. आजही तक्रारीत मुद्दे मांडताना हे तीन खण उपयोगी पडतात. तुमच्या प्रकरणातली चूक यांपैकी कोणत्या खणात बसते ते ठरलं की लेखन सुटसुटीत होतं.

दुसरा निकाल अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणानंतर नसबंदीच्या शस्त्रक्रियेत पोटात मॉप, म्हणजे रक्त टिपायचं कापड, राहिला आणि ती बाई गेली. दिवाणी कोर्टानं दिलेली ३६,००० रुपयांची भरपाई उच्च न्यायालयात गेली आणि सुप्रीम कोर्टात परत मिळाली, ती १९९६ मध्ये. पोटात कापड राहणं हे स्वतःच बोलतं, तिथे वेगळ्या तज्ज्ञाची गरज उरत नाही. त्याच वर्षी पूनम वर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं होमिओपॅथीच्या डॉक्टरनं ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा मानला. म्हणून डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक पहिल्याच आठवड्यात तपासा.

संमती हा स्वतंत्र मुद्दा आहे. समीरा कोहली प्रकरणात दुर्बिणीतून तपासणीसाठी संमती घेतली होती आणि रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. २००८ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, की रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, मग थांबून तिलाच विचारायला हवं होतं. छापील फॉर्मवर रिकाम्या जागा ठेवून घेतलेली सही, मराठी वाचणाऱ्याकडून इंग्रजी कागदावर घेतलेली सही, हे सगळं बारकाईनं बघा. पण संमतीचा कागद चुकीचा आहे एवढ्यावर मृत्यूची भरपाई मिळेल अशी आशा अशिलाला दाखवू नका.

गुंतागुंत आणि निष्काळजीपणा यांत गल्लत होते ती इथे. दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, चांगल्या हातूनही होते. खरा प्रश्न त्यानंतरचा असतो. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, कावीळ दिसायला लागली, तेव्हा सोनोग्राफी केली की गॅसची गोळी देऊन घरी पाठवलं? माझ्या मते या क्षेत्रातली बरीचशी दमदार प्रकरणं ऑपरेशन टेबलावरची नसतात. ती ऑपरेशननंतरच्या वॉर्डातली, शनिवार-रविवारच्या रात्रीची, कोणी बघायला न आलेल्या तासांची असतात.

आणि काही नसेल तर नाही म्हणा. घरच्यांना बसवून तक्ता दाखवा, काय झालं ते समजावून सांगा. बऱ्याच कुटुंबांना हेच हवं असतं, कारण रुग्णालयात त्यांना कोणी पाच मिनिटं बसून सांगितलेलं नसतं. खोटा दावा वर्षानुवर्षं चालतो, डॉक्टरला छळतो आणि घरच्यांची जखम उघडी ठेवतो.

तज्ज्ञाचं मत

२००९ मध्ये मार्टिन डिसूझा प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या खंडपीठानं म्हटलं, की डॉक्टरला नोटीस काढण्याआधी आयोगानं तज्ज्ञाचं मत घ्यावं. २०१० मध्ये किशन राव प्रकरणात, जिथे मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते, कोर्टानं सांगितलं की प्रत्येक प्रकरणात तशी सक्ती नाही. नियम म्हणून आज किशन रावच धरतात. व्यवहारात मात्र मॉप राहिला, चुकीच्या पायाचं ऑपरेशन झालं अशी उघड प्रकरणं सोडली, तर तज्ज्ञाविना जाऊ नका.

तज्ज्ञ त्याच शाखेचा हवा. भुलीत काही चुकलं असेल तर भूलतज्ज्ञ, सर्जन चालणार नाही. गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध सहसा बोलत नाही, म्हणून लांबच्या जिल्ह्यातले, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून निवृत्त झालेले प्राध्यापक शोधा. त्यांना रुग्णालयाचं आणि डॉक्टरचं नाव झाकलेली प्रत द्या. तुमचं म्हणणं आधी सांगू नका. प्रश्न मोजके विचारा: या टप्प्यावर साधारणपणे काय करायला हवं होतं, ते कधी करायला हवं होतं, केलं असतं तर फरक पडला असता का. मत अनुकूल असो वा प्रतिकूल, ठरलेले पैसे द्या. प्रतिकूल आलं तर ऐका. अनुकूल आलं तर ते शपथपत्रावर, पाठ्यपुस्तकातल्या किंवा उपचारसूचनेतल्या त्या काळच्या आवृत्तीच्या पानांसह घ्या. आयोग स्वतःहूनही जिल्हा शल्यचिकित्सक किंवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे मत मागू शकतो. तसं झालं तर कागदांचा पूर्ण संच आणि नेमके प्रश्न गेले की नाही, हे जातीनं बघा. अर्ध्या कागदांवरचं मत अर्धंच येतं.

कुठे दाद मागायची

पैशाची भरपाई हवी तर ग्राहक आयोग. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालानं ठरवलं. मे २०२४ मध्ये वकिलांची सेवा या कायद्याबाहेर ठेवताना एका खंडपीठानं शांता निकालाचा फेरविचार व्हावा असं म्हटलं, तरी तो निकाल आजही लागू आहे. जिथे सगळ्यांना सगळं मोफत मिळतं ते रुग्णालय कायद्याबाहेर. जिथे काही रुग्ण पैसे भरतात आणि काहींना मोफत, तिथला मोफत रुग्णही ग्राहक. विमा कंपनीनं किंवा मालकानं बिल भरलं असलं तरी रुग्ण ग्राहकच. पूर्ण मोफत सरकारी रुग्णालयातल्या प्रकरणात दिवाणी कोर्ट किंवा उच्च न्यायालयातला रिट अर्ज हे रस्ते उरतात.

कोणता आयोग हे भरलेल्या बिलावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. २०१९ च्या कायद्यानं केलेला हा मोठा बदल. सध्या बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्याहून वर राष्ट्रीय आयोग. त्यामुळे जवळजवळ सगळी प्रकरणं जिल्ह्यातच दाखल होतात. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, म्हणजे लातूरच्या माणसाला पुण्यातल्या रुग्णालयासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नका.

पोलिसांत तक्रार करायचीच असा आग्रह घरचे धरतात. जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे फौजदारीसाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो, पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं असतं आणि सरसकट अटक करायची नसते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदणीकृत डॉक्टरला वैद्यकीय उपचारातल्या मृत्यूसाठी कमाल शिक्षा दोन वर्षं आहे. दबाव टाकून तडजोड काढायला म्हणून हा रस्ता वापरू नका. महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या.

तक्रार लिहिताना

तुमचा तक्ता हीच तक्रार. त्यालाच वाक्यांचं रूप द्या. प्रत्येक परिच्छेदात एक घटना, तिची वेळ, पान क्रमांक. "अत्यंत बेजबाबदारपणे", "पैशाच्या लोभापायी" ही विशेषणं काढून टाका; ती वाचून आयोगाचे सदस्य पान उलटतात. चूक नेमकी कोणती हे क्रमवार लिहा, आणि प्रत्येक चुकीपुढे तिच्यामुळे काय झालं ते. रुग्णालय, उपचार करणारे डॉक्टर आणि ज्यांच्यावर खरोखर आरोप आहे ते तज्ज्ञ एवढ्यांनाच सामनेवाले करा. सिस्टर आणि कनिष्ठ डॉक्टरांच्या चुकीला रुग्णालय जबाबदार असतं. डॉक्टरांची विमा पॉलिसी आहे का, हे पुढे प्रश्नावलीत विचारता येतं.

भरपाईचा आकडा हवेतून आणू नका. झालेला खर्च बिलांसह, बुडालेलं उत्पन्न, पुढचा उपचार, सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, शारीरिक-मानसिक त्रास, असं वेगवेगळं मांडा. नोकरदाराच्या पगाराच्या स्लिपा मिळतात, शेतकऱ्याचं काय? सातबारा, साखर कारखान्याची उसाची बिलं, दूध डेअरीचा हिशेब. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही मोल आहे, ते लिहा. कायमचं अपंगत्व असेल तर आणखी खोलात जा. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या शस्त्रक्रियेनंतर कमरेखाली लुळ्या पडलेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं एक कोटी रुपये दिले, ते त्याच्या पुढच्या आयुष्याचा खर्च समोर ठेवून. त्याच निकालात असंही आहे, की तक्रारदारानं प्राथमिक निष्काळजीपणा दाखवला की आपण काळजी घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी रुग्णालयावर जाते.

सुनावणी

नोटीस आणि तक्रारीची प्रत मिळाल्यापासून सामनेवाल्यांना लेखी जबाबासाठी ३० दिवस, आणि आयोगानं दिले तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे २०२० मध्ये घटनापीठानं सांगितलं आहे. नोटीस बजावल्याची तारीख रोजनाम्यातून टिपून ठेवा. मृत्यू किंवा गंभीर इजा असलेली वैद्यकीय प्रकरणं मध्यस्थीकडे पाठवायची नाहीत, असा नियम आहे.

पुरावा शपथपत्रांवर चालतो आणि उलटतपासणी बहुधा लेखी प्रश्नावलीनं होते. म्हणून प्रश्न फार जपून लिहावे लागतात. समोरचा डॉक्टर घरी बसून, वकिलाला विचारून उत्तर लिहिणार आहे. एका प्रश्नात एकच गोष्ट, आणि ती कागदाला बांधलेली. "पान ४२ वर रात्री ११.१५ ला नाडी ११६ अशी नोंद आहे, हे खरे आहे का?" "ही नोंद तुम्हाला कळवली होती का?" "असल्यास किती वाजता आणि कोणी?" "त्या वेळी तुम्ही रुग्णालयाच्या आवारात होता का?" असे. "तुम्ही लक्ष का दिलं नाही?" असं विचारलंत तर चार पानांचं भाषण परत येईल. प्रकरण फारच गुंतागुंतीचं असेल तर व्हिडिओवरून किंवा कमिशनर नेमून उलटतपासणी मागता येते. २००२ च्या जे. जे. मर्चंट निकालात त्याचा मार्ग आखून दिलेला आहे.

युक्तिवादाच्या दिवशी सदस्यांना वैद्यकशास्त्र येतं असं गृहीत धरू नका, आणि येत नाही असंही वागू नका. एका पानावर वेळेचा तक्ता, दुसऱ्या पानावर संक्षेपांचे सोपे मराठी अर्थ, तिसऱ्यावर तज्ज्ञाच्या मतातली दोन-तीन वाक्यं पान क्रमांकांसह. निकालांचा गठ्ठा घेऊन जाऊ नका. तीन-चार नेमके पुरेत, आणि त्यातला तुमच्या विरुद्ध जाणारा एखादा परिच्छेद असेल तर तुम्हीच आधी वाचून दाखवा. डॉक्टर समोर बसलेले असतात. त्यांच्याबद्दल आदरानं बोला, त्यांच्या नोंदींबद्दल कठोरपणे.

आदेशानंतर

प्रमाणित प्रत मिळाल्याची तारीख डायरीत लाल शाईनं लिहा. जिल्हा आयोगाच्या आदेशावर राज्य आयोगात अपील ४५ दिवसांत, आणि रक्कम द्यायचा आदेश झालेल्या रुग्णालयाला अपील करताना निम्मी रक्कम भरावी लागते. अपील न करता पैसे थकवले तर ग्राहक कायद्याच्या कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते आणि कलम ७२ खाली एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दोन्ही अर्ज तयार ठेवा, पण आधी एक साधं पत्र पाठवा; पुष्कळदा विमा कंपनीचा चेक त्यानंतर येतो. भरपाई अज्ञान मुलाच्या वाट्याची असेल, तर ती रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मूल सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत ठेवावी आणि व्याज सांभाळणाऱ्याच्या खात्यात दर तिमाहीला जमा व्हावं, ही मागणी मूळ तक्रारीतच घाला, म्हणजे नंतर त्यासाठी वेगळा अर्ज करून तारखा घ्याव्या लागत नाहीत.